नवा मेटल डिटेक्टर पहिल्यांदा चालवताय? या चुका टाळा

भुईमूग काढताना बायकोच्या पायातलं जोडवं रानात पडलं, हे निमित्त झालं. मेटल डिटेक्टर घ्यायची हौस आधीपासूनच होती. खोकं उघडलं, दांडी जोडली, सेल घातले, सगळी सेटिंग शेवटपर्यंत चढवली आणि थेट रान गाठलं. पाच मिनिटांत मशीन इतकं किंचाळायला लागलं की पलीकडच्या बांधावरून आबा ओरडले, "काय रे, ॲम्ब्युलन्स आणलीस का?" दोन तास खणून कमाई काय, तर बैलाची एक झिजलेली पत्री, दोन खिळे आणि ढेकळांचा ढीग. संध्याकाळी मशीन परत पाठवायचंच ठरवलं होतं. पण मशीन ठणठणीत होतं. चुका माझ्या होत्या.

माती ओळखायच्या आधीच फिरवायला लागणं

आपण व्हिडिओ बघून शिकतो, ते बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतल्या रानांतले. आपल्या देशावरची काळी माती बसाल्ट खडकाची. तिच्यात मॅग्नेटाइटचे, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाचे कण असतात. ओढ्याच्या वाळूत चुंबक फिरवून बघा, काळी मिशी फुटलेली दिसेल. कोकणातली तांबडी माती जांभ्याची, तिच्यातही लोह भरपूर.

डिटेक्टरची कॉइल, म्हणजे दांडीच्या टोकाची तबकडी, जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते. त्यामुळे धातूच्या तुकड्यात बारीक प्रवाह फिरू लागतात आणि त्यांचा पडसाद मशीन टिपतं. पण लोहखनिजवाली मातीही पडसाद देते, आणि त्यात बारीक नाण्याचा आवाज सहज बुडून जातो. मातीचा हा पडसाद सोडून द्यायला मशीनला शिकवायचं, याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. मी ते बटण दाबलंच नव्हतं.

आधी धातू नसलेली जागा शोधा. ग्राउंड बॅलन्स चालू करून कॉइल जमिनीपासून दोन-तीन बोटांवर आणायची, वीतभर वर न्यायची, पुन्हा खाली. वर-खाली करताना आवाज सारखा राहिला की झालं. मात्र खाली खिळा असेल तर मशीन त्या खिळ्यालाच माती समजतं, म्हणून जागा दोनदा तपासा. काळ्या रानातून मुरमाड पट्ट्यात गेलात तर पुन्हा करा. स्वस्त मशीनमध्ये ही सोय नसते. तिथे सेन्सिटिव्हिटी, म्हणजे बारीक पडसाद टिपायची ताकद, उतरवणं एवढाच उपाय.

सेन्सिटिव्हिटी फुल्ल

जास्त सेन्सिटिव्हिटी म्हणजे जास्त खोली, असं वाटतं. आपल्या मातीत बऱ्याचदा उलट होतं, कारण गोंगाटच वाढतो. निम्म्यापासून सुरू करा आणि बडबड सुरू झाली की एक पायरी खाली या.

बडबड कुठून येते ते ओळखायची एक युक्ती आहे. कॉइल कमरेएवढी उचलून स्थिर धरा. तरीही आवाज येत असेल तर दोष मातीचा नाही, विजेचा आहे. डीपी, डोक्यावरच्या तारा, विहिरीची मोटर, खिशातला मोबाइल, यांपैकी कोणीतरी त्यात बोलतंय. सेकंदाला साधारण एकदा, घड्याळासारखं टक्‌ टक्‌ येत असेल तर जवळपास कुणीतरी रानडुकरांसाठी झटका मशीन लावलेलं असणार. आमच्या रानात हाच चोर निघाला. कॉइल हवेत गप्प आणि जमिनीजवळ हलवताना बोलत असेल, तर पुन्हा ग्राउंड बॅलन्स.

कॉइलची वायर दांडीला घट्ट गुंडाळलेली आहे ना, हेही बघा. लोंबकळणारी वायर खोटे आवाज काढते.

खिशातल्या नाण्यावर परीक्षा

ही चूक खास आपल्याकडची. हल्लीची एक-दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत, चुंबकाला चिकटतात. मशीन त्यांना कधी लोखंड समजतं, कधी पडद्यावर भलत्याच धातूचा आकडा दाखवतं. मग आपण म्हणतो, मशीन बोगस! परीक्षेला तांब्याचा तुकडा, जुनं ॲल्युमिनियमचं दहा पैशांचं नाणं, चांदीचं काहीतरी आणि एक खिळा घ्या. घरातल्या गजांपासून लांब, अंगणात एकेक ठेवून आवाज आणि आकडा लिहून ठेवा. मग तेच पाच, दहा, पंधरा सेंटिमीटर खोल पुरून बघा. हवेत जेवढ्या अंतरावर नाणं सापडतं तेवढ्या खोलीवर काळ्या मातीत सापडत नाही, हे त्याच दिवशी कळेल.

कचरा नको म्हणून सगळंच बंद

डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंचे आवाज बंद करायची सोय, लावून लोखंड गाळणं समजण्यासारखं आहे. पण गोळ्यांच्या पाकिटाची चांदी आणि कॅन उघडायची कडी याही नकोत म्हणून त्यांचे आकडे बंद केलेत, तर सोन्याची अंगठीही गेली. तिचा आकडा बहुधा त्याच पट्ट्यात पडतो. निदान पहिला महिनाभर सगळं ऐका आणि खणा. कान असाच तयार होतो.

अंगावरचं लोखंड

पोलादी टोकाचे बूट, कडं, पट्ट्याचं बक्कल, कमरेला खुरपं. कॉइल पायाजवळ आली की मशीन तुम्हालाच शोधून काढतं. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला टेलिफोनवाले ग्रॅहम बेल असंच यंत्र घेऊन गेले होते. गोळी काही सापडली नाही. त्यामागे गादीतल्या पोलादी तारांचाही हात होता, असं म्हणतात. तेव्हा आपण फार मनाला लावून घेऊ नये.

कॉइल जमिनीला समांतर, दोन-तीन बोटांवर ठेवून सावकाश फिरवा. गवत कापल्यासारखी टोकाला उचलू नका.

समुद्रावर नेणार असाल तर आधी कोरड्या वाळूत. ओल्या खाऱ्या वाळूतून वीज वाहते, त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीचं साधं मशीन तिथे वेडंपिसं होतं. रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट, म्हणजे लोह आणि टायटॅनियमचं खनिज, असतं, ते आणखी वेगळंच. कॉइल वॉटरप्रूफ असली तरी वरचा डबा बहुतेकदा नसतो, हे लाटेत शिरण्याआधी वाचा.

आणि गुप्तधनाच्या नादाला लागू नका. किल्ले, लेणी, संरक्षित जागा इथे परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्यानुसार जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. मार्च २०२५ मध्ये बऱ्हाणपूरजवळ आसीरगडच्या परिसरात लोक 'छावा' चित्रपटातला खजिना बघून रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन शेतं उकरत होते. ज्याचं शेत उकरलं, त्याला विचारा कसं वाटलं. दुसऱ्याच्या रानात पाऊल टाकण्याआधी मालकाला विचारायचं आणि खड्डा बुजवूनच निघायचं.

खणल्यावर सिग्नल गायब

पुढच्या रविवारी मी बायकोकडून दुसऱ्या पायातलं जोडवं मागून घेतलं. (ते तिनं जरा संशयानंच दिलं.) जोडव्याचं तोंड उघडं असतं. प्रवाहाला पूर्ण फेरा मिळत नाही, म्हणून चांदी असूनही आवाज अपेक्षेपेक्षा बारीक येतो. तो आकडा पाठ केला आणि भुईमुगाचा पट्टा तासाच्या ओळीनं पिंजून काढला. तिसऱ्या ओळीत तोच आकडा लागला. चार बोटं खणलं, खड्ड्यावर कॉइल फिरवली, तर चिडीचूप.

अशा वेळी नवखा माणूस खोल खणत सुटतो. मीही वीतभर गेलो. मग सुचलं आणि बाहेर काढलेल्या मातीवर कॉइल धरली. ढीग बोलला. जोडवं पहिल्याच खुरप्याबरोबर वर आलं होतं.