बदकाची पिल्लं पहिल्यांदाच काढताय? या चुका टाळा

घरी चार बदकं पाळली की कधीतरी डोक्यात येतंच, यंदा अंडी आम्लेटला नको, पिल्लं काढूया. मग शेजारचं कोणीतरी सांगतं, अहो सोप्पं असतं, मादी बसली की २८ दिवसांत पिल्लं. खरंय तसं, पण २८ चा आकडा सगळ्या बदकांना लागू नाही, आणि पहिल्या वेळी जिवंत पिल्लं असलेली अंडी फेकली जातात ती बऱ्याचदा या एका गैरसमजापायीच.

तर आधी आपलं बदक कुठलं ते बघा. खाकी कॅम्पबेल, पांढरं पेकिन, उभं चालणारं रनर आणि साधी गावठी बदकं यांना २८ दिवस लागतात. तोंडावर लाल मस्से असलेलं, क्वॅक क्वॅक न करता नुसतं फुसफुसणारं, झाडावर किंवा पत्र्यावर जाऊन बसणारं जे असतं ते मस्कोव्ही, त्याची जातच वेगळी, त्याला ३३ ते ३५ दिवस. आपल्याकडे अंगणात दोन्ही एकत्र फिरतात, दोघांची अंडी एकाच घरट्यात पडतात आणि मग २९व्या दिवशी "ही राहिलेली नासली" म्हणून लोक टाकून देतात. दोघांचा संकर झाला असेल तर दिवस मधलेच कुठेतरी, आणि ती पिल्लं मोठी होऊन छान वजन धरतात पण वांझ असतात, त्यांच्या अंड्यांतून पुढे काहीच निघणार नाही. म्हणून दोन्हींची अंडी मिसळली असतील तर ३५ दिवस धरायचे, आणि तारीख उलटली तरी तीन-चार दिवस थांबायचं, अगदी वास मारत नसेल तोवर थांबायचंच.

दुसरं म्हणजे खाकी कॅम्पबेल कधी बसते याची वाट बघत बसणं. ही जात १९०० च्या आसपास इंग्लंडमध्ये अ‍ॅडेल कॅम्पबेल बाईंनी काढली ती मुळात अंड्यांसाठी. चांगली मादी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते पण खुडूक होणं, म्हणजे अंडी उबवायला बसणं, तिच्यात जवळपास राहिलेलंच नाही. पेकिनचंही थोडंफार तसंच. म्हणजे तुमची मादी बिघडलेली नाहीये, तिला ते काम येत नाही एवढंच. तिची अंडी मस्कोव्हीच्या खाली, गावठी कोंबडीखाली किंवा अंडी उबवायच्या मशीनमध्ये घालावी लागतात. मस्कोव्ही मात्र बसायला एकदम पक्की.

आणि हो, नर आहे का घरात? हसू नका, हा प्रश्न खरंच विचारावा लागतो. पाच-सहा माद्यांना एक नर पुरतो. जास्त नर ठेवले तर माद्यांच्या मानेची पिसं उपटली जातात, त्याने अंडी काही जास्त फळत नाहीत.

मादी अंडी घालते पण बसत नाही

रोज एक अंडं घालते, गवत ओढून झाकते आणि निघून जाते. नवीन माणसाला वाटतं तिने घरटं सोडलं, म्हणून तो अंडी उचलतो. अहो ती सोडून गेली नाहीये, तिचं अजून जमवणं चाललंय. दहा-बारा अंडी झाली की मग ती बसते, आणि खरी वाढ तेव्हा एकदमच सुरू होते, म्हणून सगळी पिल्लं साधारण एकाच दिवशी निघतात. बसली हे ओळखायचं कसं? छातीची मऊ पिसं उपटून घरट्यात टाकते, हात नेला की फुगते आणि फुसफुसते, रात्रीही तिथेच असते, दिवसातून एकदोनदाच उठते आणि तेव्हा घाण अशी घालते की विचारू नका. ही चारही दिसली की तारीख लिहून ठेवा.

यात गडबड होते ती बाकीच्या माद्यांमुळे. बसलेल्या मादीच्या घरट्यात त्या येऊन आपली अंडी टाकून जातात, मग दहा दिवसांनी बघावं तर वीस अंडी, कुठलं जुनं कुठलं नवं कळायला मार्ग नाही, पहिली पिल्लं निघाल्यावर मादी त्यांना घेऊन उठते आणि मागची अर्धी वाढलेली अंडी गार होऊन मरतात. उपाय साधा आहे, बसली त्या दिवशी सगळ्या अंड्यांवर पेन्सिलने खूण करा आणि रोज ती उठली की बिनखुणेची उचला. मार्कर नको, कवचाला बारीक छिद्रं असतात, शाई आत जाऊ शकते.

ती उठते तेव्हा घाबरून तिला परत घरट्यात कोंबू नका. वीस मिनिटं, अर्धा तास बाहेर राहते, खाते, पाण्यात जाते आणि ओल्या अंगाने परत बसते, ती ओल अंड्यांना हवीच असते. काही लोक मांजराच्या भीतीने मादीला डालग्याखाली झाकून दिवसभर बंद ठेवतात, पाणीही आत नाही. रात्री झाका, जरूर झाका, पण दिवसा तिला मोकळं सोडा आणि जवळ अंग भिजेल एवढं घमेलं ठेवा.

अंडी साठवताना

कोंबडीखाली किंवा मशीनमध्ये घालायची तर अंडी सकाळी लवकर गोळा करायची, बदकं बहुतेक नऊच्या आत घालून मोकळी होतात. सगळी उचलू नका, खूण केलेली एकदोन तिथेच राहू द्या नाहीतर मादी जागा बदलते आणि मग शोधत बसा. साठवायला आदर्श म्हणजे १३ ते १६ अंश, जे आपल्याकडे एप्रिलमध्ये कुठून आणणार. २०-२१ अंशांच्या वर आत गर्भ हळूहळू हलायला लागतो, अर्धवट वाढतो, मग थांबतो, आणि असं अंडं नंतर नीट उबवलं तरी पहिल्या आठवड्यातच संपतं. फ्रिज हा उपाय नाही, तो फार गार. मातीच्या पसरट भांड्यात वाळू, भोवती ओलं गोणपाट, सावलीत, असं करा आणि उन्हाळ्यात तीन-चार दिवसांच्या वर ठेवू नका, थंडीत आठवडा चालतं.

धुणं ही मोठी चूक. बदकाचं अंडं चिखलाने माखलेलं असतं म्हणून नळाखाली धरतात. वरचा नैसर्गिक थर निघून जातो आणि गार पाण्याने आतलं आकसून घाण छिद्रांतून आत ओढली जाते. कोरड्या कापडाने पुसा, फारच खराब असेल तर ते खायला घ्या, उबवायला नको. घरट्यात पेंढा रोज बदलला तर हा प्रश्नच येत नाही.

एक जाताजाता. पावसाळ्यात शेताच्या बांधावर किंवा तळ्याकाठी हळदी-कुंकू बदक नाहीतर अडई अशा रानबदकाचं घरटं दिसलं तर ती अंडी घरी आणून कोंबडीखाली घालायची नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे, पोरांनाही सांगून ठेवा.

कोंबडीखाली बसवताना

गावठी कोंबडी बिचारी कुणाचीही अंडी उबवते. पण तिची सवय २१ दिवसांची, इथे २८ काढायचे, त्यामुळे आधीच दोन आठवडे खुडूक बसलेली कोंबडी घेतली तर ती शेवटी कंटाळून उठते. ताजी बसलेली घ्या. अंडी आठ-नऊच घाला, स्वतःची बारा झाकते म्हणून बदकाचीही बारा झाकेल असं नाही, कडेची गार पडतात. अंडी मोठी आणि जड, तिला नीट फिरवता येत नाहीत, म्हणून ती दाणे खायला उठली की आपण हाताने फिरवा. आणि कोंबडी काही पाण्यात जाऊन भिजून येत नाही, तेव्हा दुसऱ्या आठवड्यापासून अंड्यांवर दिवसातून एकदा कोमट पाण्याचे शिंतोडे मारा, अगदी हलके.

विजा कडाडल्या की अंडी नासतात म्हणून टोपलीत लोखंडाचा तुकडा ठेवतात. ठेवा, काही बिघडत नाही, पण त्या रात्री टोपली गळक्या पत्र्याखाली नाही ना हे बघितलंत तर जास्त उपयोग होईल.

मशीनवाल्यांसाठी, आणि पावसाचं

पंखा असलेल्या मशीनला ३७.५ अंश. पंखा नसेल तर अंड्यांच्या वरच्या पातळीला थर्मामीटर धरून ३८.३ च्या आसपास. दिवसातून तीन ते पाच वेळा फिरवायचं, २५व्या दिवशी फिरवणं बंद. मस्कोव्ही असेल तर ३१व्या. लाइट गेली तर घाबरून झाकण उघडू नका, बंदच ठेवा, वर गोधडी टाका पण हवेची भोकं मोकळी सोडा, तास-दोन तासांनी काही होत नाही.

आता ओलाव्याचं नीट समजून घ्या कारण इथे बाहेरच्या देशांतले व्हिडिओ बघून लोक फसतात. बदकाच्या अंड्याला ओल जास्त लागते हे वाक्य ऐकलेलं असतं, मग जुलैमध्ये, वसईत किंवा रत्नागिरीत, जिथे भिंतीला हात लावला तरी ओला होतो, तिथे मशीनमध्ये वरून पाण्याच्या वाट्या ठेवतात. अंड्यातलं पाणी हळूहळू उडून त्याच्या रुंद टोकाला हवेची पोकळी तयार व्हावी लागते, पिल्लू शेवटी पहिला श्वास तिथे घेतं. पोकळी लहान राहिली की पिल्लू पूर्ण वाढून कवचातच गुदमरतं. उलट मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पाणी विसरलात तर आतलं पांढरं पातळ आवरण सुकून पिल्लाला चिकटतं. म्हणजे वाट्या किती ठेवायच्या हे तुमच्या गावची हवा ठरवणार. सगळ्यात भरवशाचं म्हणजे स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा, सुरुवातीला ७० ग्रॅमचं अंडं २५व्या दिवशी ६१ च्या आसपास यायला हवं, म्हणजे साधारण १३ टक्के घट. कमी घटलं तर पाणी काढा, जास्त घटलं तर वाढवा. शेवटचे तीन दिवस मात्र ओलावा सत्तर टक्क्यांच्या वर हवाच, कोकणात असा नाहीतर विदर्भात.

टॉर्च कधी लावायचा

रोज नाही! सातव्या दिवशी, चौदाव्या दिवशी आणि २५व्या दिवशी, बस. सातव्याला अंधारात टॉर्च लावला की लाल शिरांचं जाळं दिसलं पाहिजे. काहीच नाही, नुसतं स्वच्छ पिवळं, तर फळलेलं नव्हतं. लाल कडं दिसलं तर सुरुवातीला मेलं. आतलं गढूळ पाण्यासारखं डचमळतंय किंवा कवचावर घामासारखे थेंब आले तर ते हळूच, अगदी हळूच बाहेर न्या, कारण नासलेलं अंडं घरट्यात फुटलं की बाकीच्यांवरही घाण जाते आणि तुमच्या शर्टाचं तर विचारूच नका.

टवका पडला, आता हात आवरा

सगळ्यात जास्त पिल्लं आपण इथे मारतो, प्रेमाने मारतो. पिल्लू आधी आतल्या पोकळीत चोच घालतं, तेव्हा कवचाबाहेर काही दिसत नाही पण कानाशी धरलं तर चिवचिव ऐकू येते. मग बाहेर टवका पडतो, म्हणजे चोचीने कवच एका जागी फुटतं. आणि मग ते थांबतं. बारा तास, चोवीस तास, बदकांत त्याहूनही जास्त. कोंबडीची पिल्लं पटकन निघतात म्हणून आपल्याला ही वाट असह्य होते आणि आपण नखाने कवच सोलायला घेतो. पण त्या वेळात कवचाच्या आतल्या आवरणातलं रक्त पिल्लू अंगात परत घेत असतं आणि उरलेलं पिवळं बलक पोटात ओढत असतं, ते पूर्ण व्हायच्या आत उघडलंत तर रक्त येतं, बेंबी उघडी राहते, पिल्लू दुसऱ्या दिवशी जातं.

मदत कधी करायची? टवक्याला दीड दिवस उलटला, पुढे काहीच नाही, आवरण सुकून पिवळट-तपकिरी झालंय, आवाज मंदावलाय, तर. कोमट पाण्यात कापसाचा बोळा भिजवून आवरण ओलं करा, नाकपुड्यांत पाणी जाऊ देऊ नका, टवक्याभोवतीचं थोडंसंच कवच काढा आणि परत ठेवून द्या. रक्ताचा एक थेंब दिसला तरी थांबा.

मादीखाली असतील तर तेवढंही नको, ती आणि पिल्लं आतून बोलत असतात, तुम्ही फक्त लाल मुंग्या बघा. टवका पडला की वासाने त्या येतात आणि अर्ध्या निघालेल्या पिल्लाला जिवंत खातात. टोपली चार विटांवर आणि विटा पाण्याच्या थाळ्यात, एवढं आधीच करून ठेवा.

न फुटलेली अंडी लगेच पुरू नका, मोकळ्या जागेत नेऊन एक एक फोडून बघा, किळस येते पण पुढच्या वेळचं सगळं उत्तर त्यात असतं. बरीचशी बिनफळलेली निघाली तर नराचं बघा. पहिल्या आठवड्यात मेलेली जास्त असतील तर साठवण चुकली. मधल्या दिवसांतली मेलेली क्वचितच असतात, असली तर मादी खूप वेळ उठून राहिली किंवा मशीनचं तापमान हललं, माद्यांचं खाणं निकृष्ट असलं तरीही होतं. पूर्ण वाढून मेलेली आणि ओली चिकट असली तर ओलावा जास्त झाला, सुकून आवरणात गुंडाळल्यासारखी असली तर कमी.

निघाल्यावर

पहिला दिवस काही खाल्लं नाही तरी चालतं, पोटात बलक असतं. पाणी उथळ, चोच आणि नाकपुड्या बुडतील पण अंग बुडणार नाही असं, थाळीत गोटे घालून. बदकाचं पिल्लू आहे, पोहेलच की, म्हणून बादलीत किंवा बावखलात, म्हणजे छोट्या तळ्यात, सोडणारे असतात. आईबरोबरचं पिल्लू पोहतं आणि मग तिच्या पंखाखाली जाऊन सुकतं. मशीनमधलं किंवा कोंबडीखालचं भिजतं, गारठतं आणि जातं. दोन-तीन आठवडे थांबा. पाण्याशिवाय कोरडं खाद्यही देऊ नका, घशात अडकतं.

ऊब पहिल्या आठवड्यात ३२ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पण आकड्यापेक्षा पिल्लं बघा, बल्बखाली ढीग करून बसली तर थंडी वाजतेय, कडेला पळाली तर उकडतंय. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र नको, पाय फाकतात आणि मग सावरत नाहीत, गोणपाट टाका. कावळा, घार, मुंगूस, मांजर, घूस हे सगळे या दिवसांची वाट बघत असतात, जाळी वरूनही हवी. आणि कळपातली मोठी बदकंही पिल्लांना मारतात, आई असली तरी तिला पिल्लांसकट वेगळं ठेवलेलं बरं.

खाद्यात दोन गोष्टी. बुरशीचा वास येणारा मका किंवा शेंगदाण्याची पेंड अजिबात नको, बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष बदकाच्या पिल्लांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा कितीतरी जास्त बाधतं आणि पावसाळ्यात पोतं चार दिवस उघडं राहिलं की झालंच. दुसरं, कोंबडीच्या पिल्लांचं तयार खाद्य, चिक स्टार्टर, दिलंत तरी त्यात नायसिन म्हणजे ब३ जीवनसत्त्व बदकांना पुरत नाही, त्यांना जवळजवळ दुप्पट लागतं. ब्रुअर्स यीस्ट, म्हणजे बिअर बनवताना उरणारं यीस्ट, मिळालं तर खाद्यात मिसळा, पावाचं यीस्ट नको, ते वेगळं. पिल्लू लंगडायला लागलं, गुडघे बाहेर आले, बसून बसून खातंय असं दिसलं तर त्याच दिवशी सुरू करा आणि गुरांच्या डॉक्टरांना दाखवा, आठवडा गेला तर पाय सरळ होत नाहीत.