गिअरबॉक्सचा ऑइल सील: नंबर पुसला होता, साईज अशी काढली

गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टमधून ऑइल गळत होतं, जुना सील (शाफ्टभोवती बसून ऑइल अडवणारी रबरी रिंग) काढला तर त्यावरचा नंबर पार पुसलेला. अशा वेळी बरेच जण जुन्या सीलचंच माप घेतात पण ते काही खरं नाही, कारण लिप (सीलची शाफ्टला टेकणारी आतली रबरी कड) मुळातच शाफ्टपेक्षा थोडी लहान असते आणि वापरून वापरून ती फाकते पण. म्हणून मी व्हर्नियरने आधी शाफ्ट मोजला, सील बसतो तिथेच, 35 मिमी आला, मग हाउसिंगचं बोअर (सील ज्या भोकात बसतो ते) साफ करून आडवं-उभं दोन्हीकडून मोजलं, 52, आणि खोली बघून जाडी 7. झालं, 35×52×7. क्रम लक्षात ठेवा, आतला, बाहेरचा, जाडी. बाहेर धूळ फार उडते म्हणून टीसी टाईप घेतला, त्याला धुळीसाठी जास्तीची लिप असते. मटेरियल साधं एनबीआर (नायट्राइल रबर), 100 डिग्रीच्या आसपासपर्यंत चालतं, त्याहून गरम काम असेल तर सरळ व्हायटॉन (जास्त उष्णता सोसणारं रबर) घ्या.

आता खरी गंमत, शाफ्टवर जुन्या लिपने बारीक चर पाडलेली, नख फिरवलं की अडकायचं. तिथेच नवीन लिप आली असती तर परत गळती. हाउसिंगमध्ये जागा होती म्हणून सील 2 मिमी कमी आत ठोकला, लिप गुळगुळीत जागेवर आली. जागा नसेल तर शाफ्टवर स्लीव्ह (धातूची पातळ नळी) चढवावी लागते. सील बसवताना लिपवरच्या स्प्रिंगची बाजू ऑइलकडे, लिपला ऑइल लावूनच बसवा, कोरडी गेली की लगेच जळते.