टू-स्ट्रोक सुरू होत नाहीये? किक थांबवा, आधी प्लग काढा

गेल्या आठवड्यात तीन दिवस सलग पाऊस होता आणि चौथ्या दिवशी सकाळी साडेसातपासून आमच्या पार्किंगमधून नुसता किकचा आवाज. खाली जाऊन बघतो तर तळमजल्यावरचा मुलगा, वडिलांची यामाहा आरएक्स १०० ही जुनी टू-स्ट्रोक बाइक, घामाने शर्ट भिजलेला आणि पेट्रोलचा वास पार जिन्यापर्यंत आलेला. "दादा, शंभर तरी मारल्या असतील, उचलतच नाहीये." म्हटलं आता एकपण मारू नकोस, प्लग पाना आण.

या गाड्या १९९६ ला बंद झाल्या तरी पुण्यात अजून घरोघरी आहेत आणि पावसाळ्यात सगळ्यांची रड एकच असते, म्हणून सविस्तर लिहितोय. मॅक्स १०० असो नाहीतर शोगन, त्या काळच्या इतर टू-स्ट्रोक गाड्यांनाही पद्धत तीच.

माझा नियम असा की दहा किकमध्ये उचलली नाही तर अकरावी मारायची नाही. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल सरळ सिलेंडरमध्ये जात नाही, ते आधी खाली क्रँककेसमध्ये येतं, पिस्टन खाली आला की दाबलं जातं आणि मग बाजूच्या पोर्टमधून वर चढतं. म्हणजे तुम्ही जितक्या किक मारता तितकं पेट्रोल खाली साठत जातं आणि मूळ दोष बारीक असला तरी गाडी ओव्हरफ्लो होऊन बसते. आता दोन दोष झाले.

प्लग काढायच्या आधी तीन गोष्टी बघा, अर्धं मिनिट लागतं. कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) चालू आहे का, पेट्रोल रिझर्व्हच्या खाली गेलंय का, चावी नीट ऑन आहे का. बॅटरीच्या मागे लागू नका, आरएक्सला करंट मॅग्नेटवरून सीडीआयला (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जातो, बॅटरी मेली तरी गाडी सुरू होते.

आता प्लग काढा आणि टोकाकडे नीट बघा, पुढे कुठे जायचं ते तोच सांगतो.

ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, करंट तपासा. प्लग पुसून कॅपमध्ये लावा, त्याची धातूची बाजू हेडच्या पात्यांना टेकवा आणि किक मारा. प्लगच्या भोकापासून लांब धरायचा बरं का, त्यातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ती पेटू शकते. सावलीत निळी, टचटच आवाज करणारी ठिणगी दिसली पाहिजे. पिवळट आणि अशक्त असेल तर ती नसल्यातच जमा.

त्या मुलाच्या गाडीला ठिणगीच नव्हती. नवीन प्लग लावला तरी नाही. मग प्लग कॅप वायरवरून फिरवून काढली तर आतून दोन थेंब पाणी हातावर आलं आणि वायरच्या तांब्याच्या टोकावर हिरवी बुरशी धरलेली. कॅप फडक्याने कोरडी केली, वायरचं टोक अर्धा सेंटिमीटर कापलं, आतलं तांबं चकचकीत दिसलं तेव्हा कॅप परत फिरवून घट्ट बसवली, आणि पहिल्याच किकला निळी ठिणगी! लोक या जागी थेट सीडीआय बदलायला निघतात, आधी ही कॅप बघा.

एवढं करूनही ठिणगी नसेल तर चावीवर संशय घ्या. चावी ऑफ केली की इग्निशनचा करंट अर्थ होतो, त्यामुळे स्विचमध्ये पाणी गेलं तर चावी ऑन असूनही गाडी ऑफच राहते. स्विचचा कप्लर (वायरींचा जोड) काढून किक मारा, ठिणगी आली तर दोष सापडला. फक्त मग गाडी चावीने बंद होणार नाही, गिअर टाकून ब्रेक दाबून क्लच सोडायचा. तरीही नाहीच आली तर इग्निशन कॉइल, पिकअप कॉइल नाहीतर सीडीआयचा दोष, आणि ते मीटर लावूनच तपासलेलं बरं.

ठिणगी आहे पण प्लग ओलाचिंब, म्हणजे फ्लड, तेच ते ओव्हरफ्लो, झालीय. कॉक बंद, चोक बंद, चावी ऑफ, प्लग बाहेर, ॲक्सिलेटर पूर्ण पिळून वीसेक किक मारा म्हणजे साठलेलं बाहेर पडेल. पाच मिनिटं तशीच उघडी ठेवा. मग कोरडा प्लग लावा, गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर, गेज नसेल तर हॅक्सॉ ब्लेड जेमतेम सरकलं की बास. कॉक बंदच ठेवून अर्धा ॲक्सिलेटर देऊन मारा, आमची तिसऱ्या किकला भडकली.

प्लग कोरडा असेल तर पेट्रोलच येत नाहीये. टाकीचं झाकण उघडा, फुस्स आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. मग कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या ग्लासात घ्या आणि दोन मिनिटं थांबा. तळाशी वेगळा थर किंवा गोळे दिसले तर ते पाणी आहे. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, ते ओल धरतं, त्यामुळे पावसाळ्यात महिनाभर उभी राहिलेली गाडी हमखास इथे अडकते, आणि तसं असेल तर टाकीसकट सगळं रिकामं करा. कार्बोरेटरमधल्या पायलट जेटचं (आयडलचं पेट्रोल सोडणारी बारीक नळी) भोक केसाएवढं असतं, ते उजेडाकडे धरून बघा. आत सुई घालू नका, भोक मोठं होतं. क्लीनरचा फवारा नाहीतर विजेच्या वायरमधली तांब्याची एक तार पुरते.

पेट्रोल आहे, करंट आहे, तरी ढिम्म? प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक मारा. अंगठा जोरात उडाला पाहिजे, नुसती हवा लागली तर रिंगा किंवा बोअर गेलाय. कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल उलट थुंकत असेल तर रीड व्हॉल्व्ह (कार्बोरेटर आणि इंजिनमधली एकाच दिशेने उघडणारी पाती) काढून उजेडाकडे धरा, पात्यांमधून फट दिसायला नको. आणि सायलेन्सरची आतली नळी काढून बघाच, जादा ऑइलने काजळी साचून ती बुजते, बरेच महिने उभ्या गाडीत तर कुंभारीण माशीचं मातीचं घर सापडतं. क्लचकडचं क्रँक सील गेलं की गिअर ऑइल ओढलं जातं, पांढरा धूर येतो, प्लग सारखा तेलकट होतो. हे घरी करायचं काम नाही, जुन्या मेकॅनिककडेच न्या. सुटे पार्ट नाना पेठेत मिळतात, जाताना जुना पार्ट खिशात घेऊन जा.

एक मात्र कळकळीने सांगतो. जुलै २०२४ मध्ये पुण्यातल्या एकतानगरीत पाणी शिरलं तशी गाडी पाण्यात बुडाली असेल तर किकला हातच लावू नका. आधी प्लग काढा, सायलेन्सर आणि कार्बोरेटर उतरवा, क्रँककेसमधलं पाणी काढा, गिअर ऑइल बदला. पाणी दाबलं जात नाही, जोरात किक मारली तर आतलं काहीतरी वाकतं, आणि पाणी राहिलं तर क्रँकची बेअरिंगं गंजतात.

सुरू झाली की लगेच रेस करू नका, दोन मिनिटं आयडलला ठेवा, टूटी ऑइलची (टू-स्ट्रोक इंजिनचं ऑइल) टाकी बघा, कात्रजपर्यंत एक चक्कर मारून या आणि गाडी गार झाल्यावर प्लग परत काढा. टोक चॉकलेटी असेल तर काम झालं, काळं ओलं असेल तर ऑइल किंवा पेट्रोल जास्त जातंय, पांढरं असेल तर हवा कुठून तरी ओढली जातेय, तेव्हा कार्बोरेटर आणि इंजिनमधलं रबर आधी तपासा.