रॉम टाकला, पण कडी कोण लावणार? कस्टम रॉमवाल्यांनो, या चुका टाळा

निपाणीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंग जॅक ही रोजची भाकरी. पण सोमवारी सकाळी शटर वर केलं की एक तरी पोरगा उभा असतो. फोन काउंटरवर उपडा ठेवतो आणि हळूच म्हणतो, "दादा, रविवारी रॉम टाकलो होतो..." पुढचं मला पाठ आहे.

मी कस्टम रॉमच्या, म्हणजे कंपनीच्या जागी टाकायच्या दुसऱ्यांनी बनवलेल्या अँड्रॉइडच्या, विरोधात नाही. सायनोजेनमॉड या जुन्या कस्टम रॉमच्या काळापासून फोन फ्लॅश करतोय, म्हणजे आतली सिस्टीम बदलतोय. २०१६च्या डिसेंबरात ते बंद पडलं आणि त्यातूनच लिनिएजओएस उभं राहिलं, तेही बघितलंय. कंपनीने वाऱ्यावर सोडलेला फोन आणखी तीन-चार वर्षं चालतो, हे काही थोडं नाही. डोकं फिरतं ते घाईमुळे. रॉम टाकण्यासाठी बूटलोडरचं (फोन चालू करणाऱ्या पहिल्या प्रोग्रॅमचं) कुलूप उघडायला सगळे शिकतात. उघड्या दारातून कोण कोण आत येईल, हे बघायला कुणाला वेळ नसतो.

एनक्रिप्शन काढून टाकणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून आधी तीच.

टीडब्ल्यूआरपी ही रिकव्हरी, म्हणजे रॉम टाकायचा वेगळा मेनू, टाकली की ती कधी कधी पासवर्ड मागते, आणि बरोबर दिला तरी घेत नाही. आतले फोल्डर भलत्याच अक्षरांच्या नावांनी दिसतात. यात बिघाड काही नसतो. डेटा एनक्रिप्ट केलेला (किल्लीशिवाय वाचता न येणारा) आहे आणि रिकव्हरीला तो उलगडता येत नाही, एवढंच. पोरगं यूट्यूबवर शोधतं, तिथं कुणीतरी 'डीएफई' नावाची झिप फ्लॅश करायला सांगतो. तिच्याने सक्तीचं एनक्रिप्शन बंद होतं. मग डेटा फॉरमॅट केला की सगळे फोल्डर छान दिसतात. सोय झाली म्हणून पोरगं खूश.

दोन पावसाळ्यांपूर्वी बेळगावहून येणाऱ्या बसमध्ये एका म्हाताऱ्या बाबांना सीटच्या फटीत फोन सापडला. ते थेट माझ्याकडे आले. "पोरा, कुणाचा हाय बघ की." फोन चालू केला तर बूटलोडर उघडा असल्याचा केशरी इशारा, मग पॅटर्नचं कुलूप. बंद करून व्हॉल्यूम आणि पॉवरचं बटण एकदम दाबलं, तर टीडब्ल्यूआरपी उघडली. पासवर्ड विचारलाच नाही. फोटोंच्या फोल्डरमध्ये आधार कार्ड दोन्ही बाजूंनी, पासबुकाचं पहिलं पान, वडिलांच्या शेताचा उतारा, एटीएम कार्ड पुढून-मागून. व्हॉट्सॲपच्या गप्पांचा डेटाबेसही तिथंच, जसाच्या तसा. मी तो उघडला नाही, पण उघडायला मला कुणी अडवलंही नसतं. पॅटर्न शाबूत होता आणि कशालाच आडवा आला नाही.

कॉलेजच्या ओळखपत्राच्या फोटोत नंबर होता. फोन लावला. दुसऱ्या दिवशी पोरगा कुंद्याचा पुडा घेऊन हजर. मी त्याला चांगला अर्धा तास झापला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणतो कसा, "दादा, एनक्रिप्शन नव्हतं म्हणून तर फोन परत मिळाला की!" उत्तर होतं माझ्याकडे, पण तोंडात कुंदा होता.

ते उत्तर आता देतो. लॉक स्क्रीनवर दोन ओळींचा मजकूर लिहायची सोय अँड्रॉइडमध्ये आहे. तिथं घरातल्या कुणाचा तरी नंबर टाका. एनक्रिप्शनला हात लावू नका. रॉमची झिप द्यायची तर कॉम्प्युटरवरून केबलने, म्हणजे एडीबी साइडलोडने द्या, नाहीतर ओटीजी केबलला पेन ड्राइव्ह लावा. मी लिनिएजची स्वतःची रिकव्हरी वापरतो. तिला तुमचे फोटो बघताच येत नाहीत, आणि मला ते सोयीचंच वाटतं. पॅटर्नऐवजी सहा आकडी पिन ठेवा. पॅटर्न तर काचेवरच्या तेलकट रेघेवरूनही कळतो.

केशरी इशारा खुपतो म्हणून बूटलोडर परत लॉक करणं

फोन चालू होताना दिसणारा तो इशारा काहींना बघवत नाही. मग फास्टबूटमध्ये (कॉम्प्युटरवरून बूटलोडरला हुकूम द्यायच्या मोडमध्ये) जाऊन लॉकची कमांड देतात, आणि सोमवारी माझ्याकडे येतात. फोन चालू होताना सिस्टीमवरची डिजिटल सही तपासणाऱ्या अँड्रॉइडच्या व्हेरिफाइड बूटमध्ये चार रंग आहेत. हिरवा म्हणजे सगळं कंपनीच्या सहीचं. पिवळा म्हणजे बूटलोडर लॉक, पण सहीची किल्ली तुमची. केशरी म्हणजे उघडा. लाल म्हणजे सही जुळली नाही, फोन चालू होणार नाही. वर कस्टम रॉम असताना लॉक केलं की बहुतेक फोन केशरीवरून थेट लालवर जातात. तुमची किल्ली मान्य करून पिवळ्यावर थांबणारे फोन मोजके, गुगलचे पिक्सेल त्यातले. ग्राफीनओएस हा सुरक्षेवर भर देणारा रॉम फक्त पिक्सेलवरच मिळतो, त्याचं हेही एक कारण.

लॉक करायचंच असेल तर आधी कंपनीचा पूर्ण रॉम टाकायचा, तोही त्याच मॉडेलचा आणि त्याच रीजनचा. एकदा फोन चालू करून बघायचा, मगच कमांड द्यायची. डेटा तेव्हाही पुसला जातो, हे धरूनच चाला.

लॉक करत नसाल तर एवढं लक्षात असू द्या, की तुमच्या माघारी कुणीही फोनमधली सिस्टीम बदलून ठेवली तरी फोन कुरकुर करणार नाही. एनक्रिप्शन डेटा झाकतं, सिस्टीमची राखण करत नाही. लॉजवर, हॉस्टेलवर असा फोन टाकून फिरू नका. दुरुस्तीच्या दुकानातही नको, आणि हे मी दुकानदार असून सांगतोय.

टेलिग्रामवरचा 'स्टेबल फायनल' रॉम

अँड्रॉइडचा मूळ सोर्स कोड कुणालाही उतरवून घेता येतो. त्यात सहीच्या सरावाच्या किल्ल्याही असतात, खाजगी भागासकट. रॉम बनवणाऱ्याने स्वतःच्या किल्ल्या तयार करून सही करायची असते. ज्याला घाई असते तो सरावाच्या किल्ल्याच वापरतो. म्हणजे गल्लीतल्या सगळ्या घरांना एकच कुलूप आणि किल्ली पंचायतीच्या भिंतीला टांगलेली. त्याच किल्लीने सही केलेलं कुणाचंही ॲप तुमच्या फोनमध्ये सिस्टीमच्या अधिकाराने बसू शकतं. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरच्या शेवटी 'टेस्ट-कीज' दिसलं की तो फोन माझ्या लेखी खेळणं. 'रिलीज-कीज' दिसलं म्हणूनही नाचू नका, ती अक्षरं कुणीही लिहू शकतो. रॉम कोण बनवतं, सोर्स कोड उघड आहे का आणि दर महिन्याला पॅच, म्हणजे सुरक्षेची दुरुस्ती, येतो का, हे बघा.

किल्ल्या कुठं ठेवतात यावर किती अवलंबून असतं, ते २०२०च्या मे महिन्यात दिसलं. सॉल्टस्टॅक या सर्व्हर सांभाळायच्या सॉफ्टवेअरमधल्या भोकातून लिनिएजओएसच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली. सहीच्या किल्ल्या वेगळ्या यंत्रांवर होत्या, म्हणून त्या वाचल्या. टेलिग्रामवरच्या तुमच्या 'डेव्हलपर'च्या किल्ल्या कुठं आहेत? बहुतेक त्याच लॅपटॉपवर, ज्यावर तो क्रॅक केलेले गेम खेळतो.

असे रॉम कधी कधी एसइलिनक्स 'परमिसिव्ह' ठेवून देतात, कारण तसं केलं की कॅमेरा वगैरे चटकन चालू होतं. एसइलिनक्स म्हणजे ॲपांना आपापल्या खोलीत ठेवणारा पहारेकरी. परमिसिव्ह म्हणजे तो नोंद करतो, अडवत नाही. टर्मिनलमध्ये 'गेटएनफोर्स' टाइप केलं की उत्तर मिळतं. लिनिएजमध्ये 'ट्रस्ट' नावाचं पान आहे, तिथंही दिसतं.

बँकेचं ॲप चालावं म्हणून लपवालपवी

रॉम टाकला, यूपीआय बंद पडलं. आधी गुगलची सेफ्टीनेट नावाची तपासणी होती, आता प्ले इंटिग्रिटी आहे. नाव बदललं तरी चौकशी तीच: फोन कंपनीने सोडला तसाच आहे का? मग पोरं मॅजिस्क या ॲपने फोन रूट करतात (सगळ्यात वरचा अधिकार मिळवतात) आणि ते लपवायची मॉड्यूलं शोधत फिरतात. मॅजिस्कला स्वतःची वेबसाइट नाही, ते फक्त गिटहब या सोर्स कोडच्या साइटवर त्याच्या मूळ जागी मिळतं. नावाने शोधल्यावर वर येणाऱ्या चकचकीत साइट सगळ्या परक्या.

मॉड्यूल म्हणजे एक झिप. तिच्यातली स्क्रिप्ट फोन चालू होताना रूटच्या अधिकाराने चालते. खानापूरकडच्या एका इंजिनिअरिंगच्या पोराने टेलिग्रामवरून असंच 'सगळं पास करणारं' मॉड्यूल घेतलं. यूपीआय सुरू झालं, पंधरा दिवस मजेत गेले, मग खात्यातून १४ हजार गेले. मी ती झिप उघडून बघितली. आतली स्क्रिप्ट फोन चालू झाला की एका पत्त्यावरून ॲप उतरवत होती आणि त्याला एसएमएस वाचायची परवानगी स्वतःच देत होती. ओटीपी वाचायला आणखी काय लागतं? त्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण चार दिवसांनी. तोवर पैसे पुढच्या खात्यातूनही पसार झाले होते. पैसे गेल्याचं कळलं की पहिल्या तासात फोन लावा. घरच्यांना काय सांगायचं ते नंतर ठरवा.

माझी सवय साधी. रॉमचे खेळ जुन्या फोनवर. बँकेसाठी कंपनीच्या रॉमचा, लॉक असलेला, पॅच मिळणारा वेगळा फोन, मग तो कितीही स्वस्तातला का असेना.

'अँड्रॉइड नवं झालं, म्हणजे फोन सुरक्षित'

निम्माच. रॉमवाले अँड्रॉइडचा वरचा भाग नवा करतात. मोडेम (नेटवर्कशी बोलणारा भाग), बूटलोडर, ग्राफिक्स चिप यांचं फर्मवेअर, म्हणजे त्यांच्या आतलं सॉफ्टवेअर, चिप कंपनीकडून येतं, आणि फोन कंपनीने हात वर केले की ते जुनंच राहतं. मोडेमचं काय एवढं, असं विचारणाऱ्यांसाठी: २०२३च्या मार्चमध्ये गुगलच्या प्रोजेक्ट झीरो या त्रुटी शोधणाऱ्या टीमने सॅमसंगच्या एक्झिनॉस मोडेममधल्या १८ त्रुटी जाहीर केल्या. त्यातल्या चार अशा, की नुसता तुमचा नंबर माहीत असला तरी लांबून मोडेमचा ताबा घेता यावा. असल्या भोकाला रॉमवाला ठिगळ लावू शकत नाही. 'ट्रस्ट'च्या पानावर व्हेंडर पॅचची, म्हणजे कंपनीकडून येणाऱ्या भागाची, तारीख वेगळी दिसते. ती बघा आणि मग फुशारक्या मारा.

कीबोर्ड

ही आपल्या भागातली खास चूक. गुगलविना रॉम टाकला की साधा कीबोर्ड मिळतो. त्यात मराठी आहे, कन्नडही आहे, पण इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवायची सोय नाही. आपल्याला घरी मराठी, ऑफिसात कन्नड, आणि दोन्ही इंग्रजी अक्षरांतून लिहायची सवय. मग कुठून तरी 'मराठी-कन्नड कीबोर्ड'ची एपीके (ॲपची फाइल) येते. कीबोर्डला तुमचं प्रत्येक अक्षर दिसतं. त्याला इंटरनेटची परवानगी असेल तर ते बाहेरही जाऊ शकतं. मी हेलीबोर्ड वापरतो, तो इंटरनेटची परवानगी मागतच नाही. देवनागरी टाइप करायला आठवडा त्रास झाला. मेलो नाही.

आणखी किरकोळ

गुगल काढलं म्हणजे आपण अदृश्य झालो असं समजू नका. सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला की टॉवर बदलतो आणि सिमवाल्या कंपनीला ते कळतं. लिनिएजसुद्धा इंटरनेट चालू आहे का हे तपासायला गुगलचाच दरवाजा ठोठावतं.

यूएसबी डीबगिंग, म्हणजे केबलने फोनला हुकूम द्यायची सोय, काम झालं की बंद करा. स्टँडवरच्या फुकट चार्जिंगला तर बंदच हवं.

झिपचा शा-२५६, म्हणजे फाइल बदललेली नाही ना हे सांगणारा आकडा, जुळवून बघा. एक मिनिट लागतं.

जुनं फर्मवेअर टाकून मागे जाऊ नका, अँटी-रोलबॅक, म्हणजे मागे जाणं अडवणारी सोय, फोन कायमचा मारू शकते.

फ्लॅश करण्याआधी ईएफएस आणि परसिस्ट या फोनची स्वतःची माहिती ठेवणाऱ्या भागांची प्रत काढून फोनबाहेर ठेवा. आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) उडाला तर स्वतःचीच प्रत परत टाकता येते. "दुसरा आयएमईआय घालून द्या की वो" म्हणणाऱ्याला मी पायरीवरूनच परत पाठवतो. २०२३च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

आणि ते १६८ तास. शाओमीच्या कित्येक मॉडेलांवर अनलॉकसाठी आठवडा थांबावं लागतं. तो आठवडा वाचवायला पोरं कुणाला तरी पाचशे रुपये आणि अकाउंटचा पासवर्ड देतात, वर लॅपटॉपचा लांबून ताबाही. थांबा की. तेवढ्यात फोटोंचा बॅकअप घ्या, कारण अनलॉक करताना सगळं पुसलं जातं. बहिणीच्या लग्नाचे फोटो परत आणून द्या म्हणून आजवर तिघं रडलेत माझ्या काउंटरवर, आणि तिघांनाही मी काही देऊ शकलो नाही. आठवडा संपला की फ्लॅश करा, फक्त शनिवारी रात्री नको. रविवारी माझं दुकान बंद असतं.