घोड्याची शेवटची विक्री रोखताना: पुण्यात मोहीम उभारणाऱ्यांसाठी

मांसासाठी होणारी घोड्यांची कत्तल बंद व्हावी म्हणून पुण्यात काही करायचे ठरवले, की पहिल्याच बैठकीत एक प्रश्न हमखास येतो: इथे घोड्याचे मांस खातो तरी कोण? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आधी स्वतःपाशी तयार असायला हवे. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०११ च्या नियमांत मांसासाठी ग्राह्य धरलेल्या प्राण्यांच्या यादीत शेळ्या, मेंढ्या, डुकरे, कोंबड्या आहेत. घोडा, खेचर आणि गाढव त्या यादीत नाहीत. त्यामुळे आपल्याकडे नव्या बंदीची मागणी करत बसण्याचे कारण नाही. आपल्याकडचा खरा प्रश्न असा, की म्हातारा किंवा लंगडा झालेला घोडा दलालाच्या हाती गेला, की त्यानंतर त्याचे काय झाले हे कोणत्याही कागदावर उरत नाही. मोहीम कत्तलखान्याच्या दारापासून नव्हे, तर या शेवटच्या विक्रीपासून सुरू करावी, असे माझे ठाम मत आहे.

हे मत अमेरिकेच्या अनुभवावरून बनलेले आहे. टेक्सासमधील कॉफमन या छोट्या गावात घोड्यांचा कत्तलखाना होता. त्याविरुद्ध तिथल्या महापौर पॉला बेकन उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांनी केवळ घोड्यांवरील दयेची भाषा केली नाही. गावाच्या सांडपाणी व्यवस्थेवर पडणारा ताण, दुर्गंधी आणि गावाच्या तिजोरीला बसणारी झळ त्यांनी सर्वांसमोर मांडली. टेक्सासमध्ये १९४९ पासून अस्तित्वात असलेला, पण कुणी न वापरलेला कायदा न्यायालयाने २००७ मध्ये वैध ठरवला आणि त्याच वर्षी टेक्सासमधील दोन व इलिनॉयमधील एक असे देशात उरलेले तिन्ही कत्तलखाने बंद झाले. यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत: जुना, विसरलेला कायदा शोधून काढावा, आणि ज्यांना घोड्यांविषयी विशेष ममत्व नाही त्यांनाही पटेल असा मुद्दा हाताशी ठेवावा. मात्र तिसरी गोष्ट कटू आहे. कारखाने बंद झाले, पण अमेरिकी घोडे ट्रकांतून पूर्वीपेक्षा जास्त संख्येने मेक्सिको आणि कॅनडाला जाऊ लागले, म्हणजे त्यांच्या वाट्याला मरणाआधीचा प्रवास अधिकच लांबला. दार बंद करताना घोड्याला दुसरी जागा ठेवली नाही, तर तो दुसऱ्या दाराकडे हाकलला जातो.

म्हणून पहिले काम म्हणजे आपल्या भागातील घोड्यांची आणि घोडेवाल्यांची ओळख करून घेणे. कॅमेरा आणि फलक घेऊन तबेल्यात जाऊ नये. सकाळी खरारा चालू असतो तेव्हा जावे, घोडीचे नाव विचारावे, नालबंद कितीदा येतो ते विचारावे आणि ऐकून घ्यावे. वरातीच्या घोडीची कमाई लग्नसराईपुरती असते. आषाढात चातुर्मास लागला की तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात, पण तोबरा रोज भरावाच लागतो. त्यातच घोडी लंगडू लागली की मालकापुढे फारसे पर्याय राहत नाहीत, आणि दलाल नेमका अशाच वेळी येतो. अशा एका तबेल्यात मी पाहिलेली पांढरी घोडी अजून डोळ्यांसमोर आहे. डोळ्यांच्या वर खोल खळगे पडलेले, खोगिराखाली पाठीवर दोन ठिकाणी केस जाऊन कातडी कडक झालेली, आणि मागचा उजवा पाय ती पुनःपुन्हा उचलून टेकवत होती. मालक तिच्या कानामागे खाजवत एवढेच म्हणाले, ‘‘ताई, हिला विकायला मला हौस आहे का? पण दिवाळीपर्यंत हिला घालू काय?’’ त्या प्रश्नाला उत्तर असल्याशिवाय या माणसाला निवेदनावर सही करायला सांगू नये.

ते उत्तर उभे करणे हे मोहिमेतील सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत महत्त्वाचे काम आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरता कडबा व हरभरा यांची तजवीज करणारा लहानसा निधी, ठरावीक दिवशी तबेल्यात येणारा पशुवैद्यक, आणि काम संपलेल्या जनावराला ठेवून घेतील असे शहराबाहेरचे दोन-चार शेतकरी, एवढ्याने सुरुवात होते. घोडा ठेवून घेणाऱ्याकडून साध्या कागदावर लेखी घ्यावे की तो जनावर पुढे विकणार नाही, आणि नको झाल्यास गटालाच परत देईल. ज्या घोड्याच्या वेदना थांबणे शक्यच नाही, त्याला पशुवैद्यकाच्या हातून शांत मरण देण्याचा खर्चही याच निधीतून व्हावा. काही कार्यकर्त्यांना हे बोलणे जड जाते. पण तो पर्याय आपण दिला नाही, तर असा घोडाही ट्रकमध्येच चढतो.

शर्यतीच्या घोड्यांचा मार्ग वेगळा आहे. पुण्याच्या रेसकोर्सवर पावसाळ्यात हंगाम चालतो, आणि देशातील थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठी पैदास केलेल्या जातीच्या घोड्यांची नोंद ठेवणारी स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडिया हीसुद्धा पुण्यातच आहे. जन्माची इतकी चोख नोंद असलेल्या प्राण्याच्या निवृत्तीची आणि मृत्यूचीही तशीच नोंद व्हावी, ही मागणी पुणेकरांनी करावी अशीच आहे. ती नम्र पत्राने करावी आणि उत्तर आले नाही तर दर महिन्याला स्मरणपत्र द्यावे. पत्रात एक उदाहरण जरूर द्यावे: १९८६ ची केंटकी डर्बी ही अमेरिकेतील नामांकित शर्यत जिंकलेला फर्डिनांड हा घोडा पुढे जपानला विकला गेला आणि २००२ मध्ये तेथे त्याची कत्तल झाली. डर्बीविजेत्याची ही गत होत असेल, तर हरलेल्या घोड्यांच्या वतीने आपल्याला विचारावेच लागते.

सरकारी कार्यालयांकडून माहिती काढण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. शुल्क १० रुपये आहे आणि उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. ‘घोड्यांवर अत्याचार का होतात’ असे कारण विचारणारे वाक्य लिहू नये. त्याऐवजी, ‘मागील तीन वर्षांत पुणे जिल्ह्यातून घोडे, खेचरे व गाढवे यांच्या वाहतुकीसाठी दिलेल्या आरोग्य प्रमाणपत्रांच्या प्रती द्याव्यात,’ असे कागद मागावेत. जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीच्या बैठकींची इतिवृत्तेही याच पद्धतीने, पण वेगळ्या अर्जाने मागावीत. पशुसंवर्धन आयुक्तालय औंधला असल्यामुळे पाठपुराव्यासाठी प्रत्यक्ष जाणे पुणेकरांना सोपे आहे. इतर जिल्ह्यांतील लोकांना ही सोय नाही, तेव्हा तिचा उपयोग त्यांच्यासाठीही करावा.

रस्त्यावर कोंबून भरलेले वाहन दिसले तर ते स्वतः अडवू नये. वाहन क्रमांक, ठिकाण, वेळ, दिशा आणि दिसलेली जनावरे टिपून ११२ वर कळवावे, आणि पोलीस आले की आरोग्य प्रमाणपत्र तपासण्याची विनंती करावी. तक्रार लिहिताना कायद्याचे नाव चुकले तर सगळी मेहनत वाया जाते. महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम, १९७६ हा गोवंश आणि म्हशी-रेडकांपुरता आहे. घोड्याला तो लागू होत नाही, तरी अनेक जण तोच लिहितात. घोड्यासाठी प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० चे कलम ११ आणि प्राणी वाहतूक नियम, १९७८ लिहावेत, आणि प्राण्याला मारले किंवा अपंग केले असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५ जोडावे, कारण कलम ११ खालील पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही १० ते ५० रुपये इतकाच आहे. ही रक्कम वाढवण्याची मागणी आपल्या प्रत्येक निवेदनात असली पाहिजे.

जनजागृती करताना, हॉटेलांत घोड्याचे मांस मिसळतात अशा अफवा पसरवू नयेत, आणि मालकाची किंवा दलालाची जात किंवा धर्म कधीही लिहू नये. तसे एकदा झाले की घोडा बाजूला पडतो आणि माणसांचे भांडण उरते. आरोग्याचा खरा मुद्दा आहे तो फिनाइलब्यूटाझोनचा. लंगडणाऱ्या घोड्यांना हे वेदनाशामक सर्रास दिले जाते, आणि ते दिलेल्या घोड्याचे मांस युरोपीय संघात माणसाच्या खाण्यासाठी वापरता येत नाही. २०१३ मध्ये युरोपात गोमांस म्हणून विकलेल्या पदार्थांत घोड्याचे मांस सापडले, तेव्हा लोक हादरले त्यामागे हेही एक कारण होते.

गाढवांना या मोहिमेतून वगळू नये. चीनमध्ये गाढवाच्या कातड्यापासून होणाऱ्या एजियाओ या औषधापायी आफ्रिकेतील गाढवे इतकी मारली गेली, की २०२४ मध्ये आफ्रिकन संघाने कातड्यासाठीच्या कत्तलीवर १५ वर्षांची बंदी घालण्याचे ठरवले. आपल्याकडे २०१९ च्या पशुगणनेत सात वर्षांत गाढवे ६१ टक्क्यांनी आणि घोडे ४५ टक्क्यांनी घटलेले दिसले. यंत्रे आली, विटा आणि वाळू वाहण्याचे काम गेले, ही मोठी कारणे आहेतच. पण घटलेली जनावरे कुठे गेली हे विचारायला जेजुरीइतकी जवळची जागा नाही. पौष पौर्णिमेला तेथे भरणाऱ्या गाढवांच्या बाजारात काठेवाडी गाढवे येतात, दात पाहून वय ठरते आणि किंमतही. तेथे पाणी, प्रथमोपचार आणि खूर तपासणीची व्यवस्था घेऊन जावे, विक्रेत्यांशी बोलावे, आणि घेणारा गाढव कोणत्या कामासाठी नेतो याची नोंद बाजारात व्हावी अशी विनंती आयोजकांना महिनाभर आधी लेखी करावी.

शाळांतील मुलांना सोबत घ्यायचे असेल तर अमेरिकेतील व्हेल्मा जॉन्स्टन यांचे काम सांगावे. १९५० मध्ये नेवाडात त्यांना रक्त ठिबकणारा एक ट्रक दिसला; आत रानघोडे होते. त्यांच्या हाकेवर देशभरातील शाळकरी मुलांनी हाताने पत्रे लिहिली आणि १९७१ मध्ये रानघोड्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. पुण्यातील मुलांनीही स्वतःच्या शब्दांत, मराठीत, आपल्या आमदारांना लिहावे. छापील मजकुरावर केवळ सह्या घेऊ नयेत.

या सगळ्यासाठी एक जाड वही लागते. प्रत्येक घोड्याला एक पान द्यावे: नाव, रंग, अंगावरील खुणा, अंदाजे वय, मालक, पशुवैद्यकाच्या भेटी, आणि दर तीन महिन्यांनी तो प्रत्यक्ष पाहिल्याची तारीख. ती तारीख चुकली, की त्याच आठवड्यात कुणीतरी त्या तबेल्यात जाऊन यावे.