वंशावळ आधी, प्रश्नावली मागून

मानवशास्त्र, म्हणजे माणूस आणि त्याचा समाज यांचा अभ्यास, शिकायला घेतलेल्यांसाठी आणि पहिल्यांदा गावात जाऊन माहिती गोळा करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. मानवशास्त्राच्या चार शाखा सगळ्यांच्या पाठ असतात: सामाजिक-सांस्कृतिक, शारीरिक, पुरातत्त्वीय, भाषिक. नागपुरात राहणाऱ्याला खरं तर पाठांतराची गरज नाही. जुनापाणी, माहुरझरीला महापाषाणकालीन शिळावर्तुळं (गोलात मांडलेल्या मोठ्या दगडांची प्राचीन दफनस्थळं) आहेत, सेमिनरी हिल्सवर भारतीय मानवविज्ञान सर्वेक्षणाचं केंद्र आहे. स्टीफन हिस्लॉप नावाच्या मिशनऱ्याने इथेच राहून गोंडांबद्दल नोंदी केल्या. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना तो नदीच्या पुरात बुडाला, आणि त्याचे कागद १८६६ मध्ये रिचर्ड टेम्पलने छापले. हिस्लॉप कॉलेजसमोर चहा पिणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, देव जाणे.

शारीरिक शाखा घेणार असाल तर जनुकशास्त्र आणि संख्याशास्त्र यांची भीती आधीच घालवा. मी सामाजिक-सांस्कृतिकवाली, त्यामुळे पुढचं सगळं त्याच बाजूचं.

मला छळलं ते एकाच गोष्टीने. प्रश्नावली घेऊन गावात गेलं की लोक नियम सांगतात. ‘तुमच्यात लग्नं कुणाशी होतात?’ असं गोंड वस्तीत विचारा. प्रत्येक गोत्राचे देव संख्येने ठरलेले, सारख्या देवसंख्येच्या गोत्रांत सोयरीक होत नाही आणि मामा-आत्याच्या घरी मुलगी देणं चांगलं, हे उत्तर दारोदारी मिळेल. कोणी खोटं बोलत नसतं. पाहुण्याला घरातली रीत सांगावी, तशी ती सांगितली जाते. पण सगळे फॉर्म एकसारखे भरले की आपल्याला वाटतं, झालं काम! झालेलं काहीच नसतं. प्रत्यक्षात कुणाचं लग्न कुणाशी झालं, हे त्यात कुठेच नसतं.

म्हणून उलटीकडून जा. एका घरातला एक माणूस धरा आणि त्याची वंशावळ काढा. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला दोन आडव्या रेषा, वारलेल्याच्या खुणेवर तिरपी काट. प्रत्येकाचं नाव, गाव, गोत्र लिहा. प्रत्येक लग्नापाशी थांबून विचारा: लग्नाआधी हे दोघं एकमेकांचे कोण लागत होते? पुरुष बहिणींच्या शाखा विसरतात, लहानपणी गेलेली मुलं आणि मोडलेली लग्नं गळतात. त्यामुळे तीच वंशावळ त्याच घरातल्या म्हाताऱ्या आजीकडून पुन्हा तपासा. नियम विचारायचा तो शेवटी. नियम आणि झालेली लग्नं यांतला फरक दिसला की तोच तुमच्या प्रबंधाचा विषय. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या ब्रिटिश मानवशास्त्रज्ञाने ही पद्धत १८९८ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टोरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत वापरली आणि १९१० मध्ये सविस्तर मांडली. परीक्षेत त्यावर टीप लिहून आपण मोकळे होतो, वहीत त्रिकोण मात्र एकही काढलेला नसतो.

क्लासच्या नोट्सबद्दल माझं मत वाईट आहे. यूपीएससीतले मानवशास्त्राचे अडीचशे-अडीचशे गुणांचे दोन पेपर त्यांवर निघतीलही, क्षेत्रकार्य, म्हणजे प्रत्यक्ष गावात जाऊन करायचं काम, निघणार नाही. आणि गाईड, म्हणजे प्रबंधाचा मार्गदर्शक? नावाजलेला नसला तरी चालेल, पण तुमची रोजची डायरी स्वतः मागून घेऊन वाचणारा हवा. ‘फॉर्म भरून आणा, बाकी बघू’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

पहिले दिवस हाती काही लागत नाही. घाबरू नका, सगळ्यांचं तसंच होतं. ओट्यावर बसा, चहा घ्या, शेंगा सोलायला मदत करा. सहभागी निरीक्षण, म्हणजे लोकांत मिसळून त्यांचं जगणं बघणं, म्हणतात ते असंच सुरू होतं.

मे महिन्यात मात्र जाऊ नका, बाप्पा. ऊन तर आहेच, शिवाय तेंदूपत्त्याच्या हंगामात माणसं पहाटेच जंगलात जातात आणि परतल्यावर पुडे बांधत बसतात. तेव्हा त्यांना पणज्याचं नाव विचारणं बरं दिसत नाही. धान निघाल्यावर जा, संध्याकाळी जा, आणि वंशावळीसाठी मोठा कोरा कागद न्या. ए-फोरवर तिसरी पिढीसुद्धा मावत नाही.