स्मिता पाटील यांच्या स्मरणार्थ चित्रपट दाखवायचा असेल तर

स्मिता पाटील यांची जयंती १७ ऑक्टोबरला असते (जन्म १९५५, पुणे) आणि स्मृतिदिन १३ डिसेंबरला (१९८६, मुंबई). या तारखांना वाचनालयं, महाविद्यालयं, फिल्म क्लब कार्यक्रम ठेवतात आणि त्यांचा साचा ठरलेला असतो: फोटोला हार, दीपप्रज्वलन, चार भाषणं, मधेमधे गाण्यांचे तुकडे आणि शेवटी 'आज त्या असत्या तर'. दोन तास बसलेला प्रेक्षक उठतो तेव्हा त्याने त्यांचा अभिनय सलग दहा मिनिटंही पाहिलेला नसतो. त्यापेक्षा एकच चित्रपट ठेवा. तो पूर्ण, मूळ आकारात आणि संवाद कळतील असा दाखवा. हे वाटतं तितकं सोपं नाही, म्हणून ही तयारी.

तारीख आणि वेळ

१७ ऑक्टोबर दिवाळीच्या तोंडावर येऊ शकते आणि परतीच्या पावसाचाही भरवसा नसतो. त्यामुळे त्या तारखेला बंदिस्त सभागृहच धरा. १३ डिसेंबरला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, हवा कोरडी असते आणि मैदानात किंवा वाड्याच्या चौकात पडदा लावता येतो. फक्त उघड्यावर ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी लागते आणि रात्री दहानंतर तो बंद करावा लागतो. सव्वादोन तासांचा चित्रपट, मध्यंतर आणि चर्चा दहाच्या आत बसवायची तर पावणेसातला पहिली फ्रेम पडद्यावर हवी. प्रास्ताविक पाच मिनिटांत आटपा. पाहुण्यांचा सत्कार ठेवलात तर चर्चा बुडाली म्हणून समजा.

कोणता चित्रपट

१९७५ ते १९८६ या जेमतेम बारा वर्षांत त्यांनी इतकं वेगवेगळं काम केलं की निवड करताना समितीत भांडणं होतातच. प्रेक्षक कोण आहेत ते आधी ठरवा.

मिश्र वयाचा मराठी प्रेक्षक असेल तर 'उंबरठा' (१९८२, दिग्दर्शक जब्बार पटेल). स्त्रियांच्या सुधारगृहाची अधीक्षक होऊन घराबाहेर पडणारी सुलभा महाजन आजच्या प्रेक्षकाला जुनी वाटत नाही आणि चर्चा आपोआप पेटते. एक खाचखळगा आहे: हाच चित्रपट हिंदीत 'सुबह' नावाने झाला. हाती आलेली प्रत मराठीच आहे ना, हे दहा मिनिटं चालवून बघा. नुसत्या फाइलच्या नावावर जाऊ नका. शांता निसळ यांची 'बेघर' ही मूळ कादंबरी वाचनालयात असेल तर महिनाभर आधी दर्शनी कपाटात काढून ठेवा.

अभिनयाचा आवाका एकाच चित्रपटात दाखवायचा असेल तर 'भूमिका' (१९७७, श्याम बेनेगल). हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर तो बेतलेला आहे आणि त्यासाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हा त्या बाविशीत होत्या, आणि कोवळ्या मुलीपासून थकलेल्या नटीपर्यंतचा प्रवास त्यांनी त्यात पेलला आहे. या चित्रपटात रंगीत भाग मधेच कृष्णधवल होतो. प्रोजेक्टर चालवणाऱ्याला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तो बिचारा बिघाड समजून केबल हलवत बसतो.

'जैत रे जैत' (१९७७) गाण्यांमुळे सगळ्यांना हवाहवासा असतो. ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत यांच्यासाठी साउंड सिस्टीम चांगली लागते; ती नसेल तर हा चित्रपट निवडू नका. ग्रामीण भागात, विशेषतः बचत गटांच्या किंवा दूध संस्थांच्या प्रेक्षकांसाठी 'मंथन' (१९७६) आणि 'मिर्च मसाला' हे दोन्ही हमखास धरतात. तासाभराच्या आत उरकायचं असेल तर सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी केलेला 'सद्गती' (१९८१) आहे, पण तो जड आहे; त्यानंतर अर्धा तास बोलायला जागा ठेवा. मल्याळममधला 'चिदंबरम' किंवा बंगालीतला 'अकालेर संधाने' उपशीर्षकांशिवाय दाखवू नये.

व्यावसायिक हिंदी चित्रपट टाळा असं आम्ही म्हणणार नाही. तोही त्यांच्याच कामाचा भाग आहे. पण एकच चित्रपट दाखवायचा असताना तो निवडला तर त्यांना फार थोडा वेळ पडदा मिळतो.

परवानगी

ओटीटीची वर्गणी किंवा विकत घेतलेली डीव्हीडी ही घरी पाहण्यापुरती असते. सार्वजनिक खेळ फुकट ठेवला तरी हक्कधारकाची परवानगी लागते. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षं चालतो, म्हणजे १९७७चा 'भूमिका' २०३७ संपेपर्यंत संरक्षित आहे. सवलत आहे ती शैक्षणिक संस्थांना: संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून, आणि प्रेक्षक फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक व संस्थेशी संबंधित माणसं असतील तर. महाविद्यालयाने वर्तमानपत्रात 'सर्वांना प्रवेश' छापलं की ही सवलत गेली.

परवानगी दिग्दर्शकाकडे मागायची नसते, हक्क ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडे मागायची असते. आणि ते बहुधा निर्माते किंवा त्यांच्याकडून हक्क घेतलेली कंपनी असते. 'मंथन' हे याचं ठळक उदाहरण. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घातले आणि चित्रपट झाला, त्यामुळे विचारणा त्यांच्या सहकारी विपणन महासंघाकडे करायची. 'मिर्च मसाला' एनएफडीसीचा (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा), 'सद्गती' दूरदर्शनचा. हक्क कोणाकडे आहेत ते कळत नसेल तर चित्रपटाच्या सुरुवातीची श्रेयनामावली आणि सेन्सॉर प्रमाणपत्र थांबवून वाचा. अर्जदाराचं नाव प्रमाणपत्रावर असतं. तिथून धागा सापडतो. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आता एनएफडीसीतच विलीन झालं आहे. तिथे प्रत असली तरी हक्कधारकाचं पत्र वेगळं लागतं, हे लक्षात ठेवा.

पत्र आठ आठवडे आधी पाठवा. त्यात तारीख, ठिकाण, आसनसंख्या, तिकीट आहे की प्रवेश विनामूल्य, एकच खेळ की जास्त, प्रायोजक आहे का आणि प्रत कोणत्या स्वरूपात हवी, एवढं लिहा. 'आमच्या छोट्याशा उपक्रमाला सहकार्य करावे' अशा मोघम पत्राला उत्तर येत नाही, कारण समोरच्याला शुल्क ठरवायला काहीच हाताशी नसतं. होकार फोनवर आला तरी ईमेलवर मागून घ्या. सेन्सॉर प्रमाणपत्रावरचा वर्गही पाहा; 'ए' असेल तर अठरा वर्षांखालच्या मुलांना बसवता येणार नाही.

प्रत आणि चाचणी

बहुतेक कार्यक्रम इथेच बिघडतात, म्हणून इथे वेळ घाला.

चित्रपटगृहात डीसीपी (डिजिटल सिनेमा पॅकेज, म्हणजे चित्रपटगृहासाठी बनवलेली डिजिटल प्रत) चालते. ती कूटबद्ध असेल तर सोबत केडीएम नावाची किल्ली येते आणि ती ठरलेल्या तारखा-वेळांपुरतीच चालते. किल्लीची मुदत खेळाच्या आदल्या दिवशी सकाळपासून मागा. नाहीतर चाचणी करता येत नाही आणि पहिला अंदाज प्रेक्षकांसमोरच येतो.

सभागृहात साध्या प्रोजेक्टरवर फाइल चालवणार असाल तर पेन ड्राइव्ह एक्सफॅट स्वरूपात फॉरमॅट करा. १४२ मिनिटांचा 'भूमिका' सेकंदाला ८ मेगाबिट (८ एमबीपीएस) दराने साडेआठ जीबीच्या आसपास जातो आणि फॅट३२ या जुन्या स्वरूपात चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. काही प्रोजेक्टरना एक्सफॅट वाचता येत नाही, म्हणून लॅपटॉप आणि एचडीएमआय केबल हाच मुख्य मार्ग ठेवा. दुसरी प्रत वेगळ्या ड्राइव्हवर, दुसऱ्या माणसाच्या खिशात. लॅपटॉपचे अपडेट, स्क्रीनसेव्हर, सूचनांचे आवाज बंद. चार्जर लावलेला.

मग चित्राचा आकार. त्या काळातले बरेच चित्रपट जवळपास चौकोनी (४:३) फ्रेमचे आहेत आणि आजचे प्रोजेक्टर १६:९. दहा फूट रुंद पडद्यावर ४:३चं चित्र लावलं की दोन्ही बाजूंना सव्वा सव्वा फूट काळी पट्टी राहते. कोणीतरी हमखास येऊन म्हणतं, 'पडदा भरत नाही', आणि रिमोटवरचं बटण दाबून चित्र ताणतं. चेहरे सुजल्यासारखे दिसू लागतात. ज्या अभिनेत्रीच्या गालाच्या हाडांवर आणि डोळ्यांवर कॅमेरे थांबायचे तिच्या बाबतीत हा अपराधच आहे. 'झूम' केलं तर कपाळ आणि हनुवटी कापली जाते. तपासायचं कसं? फ्रेममध्ये समोरून दिसणारी गोल वस्तू शोधा: बांगडी, गाडीचं चाक, भिंतीवरचं घड्याळ. पडद्यावर टेप धरून आडवं-उभं माप घ्या. सारखं आलं की आकार बरोबर. मग रिमोट लपवा.

जुन्या डीव्हीडी आपल्याकडे अनेकदा पाल या टीव्हीच्या पद्धतीच्या असतात. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, पाल २५चा, म्हणून सगळं चार टक्के वेगाने पळतं: १४२ मिनिटांचा चित्रपट १३६ मिनिटांत संपतो आणि आवाज जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. संवादात ते जाणवत नाही, पण गाणी पाठ असलेल्या प्रेक्षकाच्या कानाला खटकतं. लांबी यापेक्षा बरीच कमी भरली तर प्रत कापलेली आहे, ती परत करा.

आवाज मोनो आहे. सभागृहाच्या चार कोपऱ्यांतले स्पीकर चालू केले की तोच संवाद वेगवेगळ्या वेळी कानावर येतो आणि घुमतो. मागचे बंद करा. पडद्यालगतचे एक किंवा दोन ठेवा, ते बसलेल्या माणसांच्या डोक्याच्या वर राहतील इतके उंच. बास कमी करा. पातळी गाण्यावर लावू नका. सगळ्यात हळू बोललेला प्रसंग निवडा आणि शेवटच्या रांगेत बसून प्रत्येक शब्द कळतो का ऐका. ब्लूटूथ स्पीकर नकोच, त्यात आवाज ओठांच्या मागे पडतो. भरलेल्या सभागृहात आवाज थोडा शोषला जातो, तेव्हा सुरू झाल्यावर एक टप्पा वाढवावा लागेल.

उपशीर्षकांची फाइल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात जतन केलेली नसेल तर देवनागरीच्या जागी चौकोन किंवा भलतीच चिन्हं दिसतात. पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान चार फूट वर हवी, नाहीतर ओळी पुढच्यांच्या डोक्यांमागे जातात. अंधार पुरेसा असेल तर दहा फुटी पडद्याला ३००० लुमेनचा प्रोजेक्टर पुरतो. खिडक्यांना काळा कापडी पडदा लावा. वर्तमानपत्रं चिकटवली तर ती प्रकाशून उठतात. उघड्यावर डिसेंबरात दव पडतं, म्हणून प्रोजेक्टरवर छत हवं, पण मागची हवा कोंडू देऊ नका.

फोटो आणि समई बाहेरच्या दालनात ठेवा. पडद्याखाली ठेवलेल्या समईचा उजेड चित्राच्या खालच्या भागावर पडतो.

पत्रक आणि चर्चा

ए४ कागदाची एक घडी पुरे, अक्षर १४ पॉइंटचं. त्यांच्या पात्राचं नाव, वर्ष, दिग्दर्शक, लेखक, छायाचित्रकार, लांबी. चरित्र पाच ओळींत: पुण्यातला जन्म, मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचणं, बेनेगलांच्या चित्रपटांतून सुरुवात, 'भूमिका' आणि 'चक्र'साठी राष्ट्रीय पुरस्कार, १९८५ला पद्मश्री, मुलाच्या जन्मानंतर काही दिवसांतच बाळंतपणातल्या गुंतागुंतीने मृत्यू. पुरस्काराचं वर्ष आणि प्रदर्शनाचं वर्ष यांत गल्लत होते: 'चक्र'चा पुरस्कार १९८०चा, चित्रपट लागला १९८१ला. 'मिर्च मसाला' त्यांच्या मृत्यूनंतर १९८७ला आला. खासगी आयुष्यावरच्या गप्पा पत्रकात नकोत. त्या प्रेक्षक स्वतःच आणतो.

चर्चेला पंचवीस मिनिटं. 'कसा वाटला?' विचारलं की 'छान' येतं आणि संपतं. त्याऐवजी एक प्रसंग पुन्हा दाखवा, दोन-तीन मिनिटांचा, वेळेची नोंद आधीच करून ठेवलेला. 'मिर्च मसाला'मध्ये नदीकाठी सुभेदाराचे घोडे येतात, बाकीच्या बायका पळतात, सोनबाई (स्मिता पाटील) जागची हलत नाही. आवाज बंद करून तो तुकडा लावा आणि विचारा: ती घाबरली आहे का, आणि तुम्हाला ते कशावरून कळलं? लोक हंड्याबद्दल, मानेबद्दल, नजर कधी उचलली याबद्दल बोलायला लागतात. मग आवाजासकट पुन्हा दाखवा. वक्ता हवाच असेल तर त्याला शेवटची सात मिनिटं द्या, सुरुवातीची नको.

जुने पोस्टर, चित्रपटांच्या पुस्तिका, तिकिटांचे तुकडे प्रेक्षकांकडे असतात. आधी कळवलं तर आणतात. ते लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, ६०० डीपीआयला स्कॅन करून तिथल्या तिथे परत द्या.

दुसऱ्या दिवशी फाइल लॅपटॉपवरून आणि दोन्ही ड्राइव्हवरून पुसा, डीसीपीची डिस्क पोच घेऊन परत करा आणि हक्कधारकाला किती लोक आले ते कळवा. पुढच्या वर्षीच्या पत्राला उत्तर लवकर येतं.